बोलणारे दरवाजे

आमच्या शहरात जुन्या माणसाला पत्ता विचारा. तो घर नंबर सांगत नाही, आधी दरवाजा सांगतो. ‘दिल्ली गेटच्या आत’, ‘रोशन गेटच्या बाहेर’, ‘पैठण गेटवरून थोडं पुढे’. ज्या दरवाज्याचं नाव घेतलं तो जागेवर उभा असेलच असंही नाही. तट कधीच पडला, त्याचे दगड कुणाकुणाच्या ओट्याला लागले, पण पत्ता अजून त्या दरवाज्याच्याच नावावर चालतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. मलाही पूर्वी वाटायची. आता वाटत नाही, आणि त्याला कारण माझी आई.

आईला आम्ही अम्मी म्हणायचो. ती शाळेत गेली नव्हती. कुराण वाचायची, उर्दू अक्षरं एकेक जुळवून वाचायची. मराठी बोलायची छान, अगदी शेजारच्या काकूंशी भांडण्याइतकी छान. पण देवनागरी तिला येत नव्हती. तरी जुन्या शहरात ती कुठेही एकटी जायची. शहागंजची भाजी, गुलमंडीवरचं कापड, रंगारगल्लीत ओढणी रंगवायला. तिला कधी वाट विचारावी लागली, असं मला आठवत नाही.

एकदा तिला एका मोठ्या रुग्णालयात रक्ताच्या तपासणीला जायचं होतं. मला कामावरून सुटी मिळेना. ‘मी जाते की, शहरातच तर आहे,’ असं म्हणून ती गेली. सकाळी नऊला गेलेली बाई दुपारी तीनला परतली, रक्त न देता. केसपेपरची खिडकी एका टोकाला, डॉक्टर दुसऱ्या टोकाला, पैसे भरायची खिडकी वेगळ्याच इमारतीत आणि रक्त घेण्याची खोली वरच्या मजल्यावर. सगळे बोळ सारखे, सगळी दारं सारखी. पाट्या होत्या, पण मराठीत आणि इंग्रजीत. विचारलं तर उत्तर मिळे, ‘सरळ जाऊन उजवीकडे.’ उजवीकडे गेलं की पुन्हा तसाच बोळ. ती जिन्यापर्यंत पोचली तेव्हा खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.

मी चिडलो. म्हटलं, वाचता येत नाही तर नीट विचारायचं तरी! ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘बेटा, पूछ पूछ के थक गई. उधर दरवाजेच दरवाजे हैं, बोलता एक भी नहीं.’

पुढे दोन महिने ती तिकडे जायला तयार झाली नाही. तिची साखर वाढली होती, हे आम्हाला दोन महिने उशिरा कळलं. तोवर डोळ्यांवर परिणाम झाला होता. कुणा एका डॉक्टरची किंवा कारकुनाची ही चूक होती, असं मी म्हणणार नाही. सगळे आपापल्या जागी काम करत होते. चुकली होती ती इमारत. माणसाशी बोलायला ती शिकलीच नव्हती.

‘बोलता एक भी नहीं’ हे अम्मीचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मग मी आमच्या शहराकडे नव्यानं बघायला लागलो. या शहरातले दरवाजे तिच्याशी काय बोलत होते?

1610 साली निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर यानं खडकी या गावी राजधानी वसवली. हा माणूस हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे हिंडत दख्खनला आला आणि इथे राज्य सांभाळू लागला. त्यानं 1612 मध्ये भडकल दरवाजा बांधला, मशिदी बांधल्या, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. 1626 मध्ये तो वारला आणि त्याच्या मुलानं, फतेहखानानं, गावाला फतेहनगर नाव दिलं. 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबानं औरंगाबाद हे नाव दिलं. 1682 मध्ये त्याच्याच हुकमानं शहराभोवती तट उभा राहिला. 2023 पासून शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. नावं बदलत गेली. दरवाज्यांची नावं मात्र लोकांनी तोंडात जपून ठेवली.

या शहराला ‘बावन्न दरवाज्यांचं शहर’ म्हणतात. लहानमोठे, खिडकीवजा सगळे धरून ही बावन्नची मोजणी. आज त्यातले मोजकेच शिल्लक आहेत. पण चार मुख्य दरवाज्यांची नावं जरा ऐका. उत्तरेचा दिल्ली दरवाजा, कारण तिथून दिल्लीची वाट लागते. दक्षिणेचा पैठण दरवाजा, तिथून गोदाकाठी पैठणला जायचं. पूर्वेला जालन्याचा दरवाजा. आणि पश्चिमेला मक्का दरवाजा, जो लोकांच्या तोंडी मकई गेट झाला. काफिल्यातून आलेल्या परक्या माणसाला फारसी येवो न येवो, मराठी येवो न येवो, दरवाज्याचं नाव कानावर पडलं की कुठल्या दिशेला तोंड करून आपण उभे आहोत हे त्याला कळत असे. दरवाजा हीच पाटी होती. फक्त तिच्यावर अक्षरं नव्हती.

आतल्या गल्ल्यांचंही तसंच. कुंभारवाड्यात कुंभार, रंगारगल्लीत रंगारी, सराफ्यात सोनार. बाहेर पुरे वसले ते ज्या सरदारांची छावणी तिथे होती त्यांच्या नावांनी. कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंहाचा, पदमपुरा पदमसिंहाचा. मोगलांच्या चाकरीतल्या राजपुतांची नावं मराठवाड्याच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी आजही आहेत, ती अशी.

1960 साली केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकारानं एक पुस्तक लिहिलं. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांना त्यानं विचारलं, की तुमचं शहर तुमच्या डोक्यात कसं आहे? उत्तरांतून त्याला पाच गोष्टी मिळाल्या, ज्यांच्या आधारानं माणूस वाट काढतो. रस्ते, कडा, वस्त्या, चौक आणि खुणेच्या जागा. ही यादी वाचली तेव्हा मला अम्मीच आठवली. तिच्या डोक्यात हे सगळं होतं. तट आणि खाम नदी ही कड, पुरा ही वस्ती, गुलमंडी हा चौक आणि दरवाजा ही खूण. ती शहर वाचत होती. निरक्षर तिला आपण म्हणत होतो.

आता याच्या अगदी उलट बांधणी बघायची असेल तर फार लांब जायला नको. शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. बाराव्या शतकात यादवांनी तो उभारला. 1327 मध्ये महंमद तुघलकानं राजधानी इथे आणली आणि त्याला दौलताबाद केलं. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथे गेलेलो असतो. त्या किल्ल्याची सगळी अक्कल एकाच कामासाठी वापरलेली आहे, ते काम म्हणजे परक्या माणसाला वाट सापडू न देणं. एका दरवाज्यातून आत शिरलं की पुढचा दरवाजा समोर दिसत नाही, वळावं लागतं. दरवाज्यांना हत्तींसाठी लोखंडी खिळे. मग कातळात खोदलेला खंदक, त्यावर एकच अरुंद वाट. आणि शेवटी ती ‘अंधारी’. डोंगराच्या पोटातला वळणावळणांचा काळाकुट्ट बोगदा. पायऱ्यासुद्धा सारख्या उंचीच्या नाहीत. गाइड मशाल विझवतो आणि पोरं किंचाळतात. शेजारच्याचा हात धरल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही.

किल्ल्यासाठी हे ठीकच आहे. समोरचा शत्रू आहे असं धरूनच किल्ला बांधतात. मला प्रश्न पडतो तो आपल्या आजच्या इमारतींचा. जिथे प्रत्येक जण गरजेनं येतो, अशी सार्वजनिक इमारत देवगिरीच्या नमुन्यावर का बांधावी? समोरचं दार दिसू नये, जिने अंधारे असावेत, बोळ सारखे असावेत, योग्य खिडकी गाठेपर्यंत माणूस दमून जावा, याची तिथे काय गरज? कुणी मुद्दाम करत नाही हे खरं. पण इमारतीचा नकाशा काढताना तिथे काम करणाऱ्यांच्या खुर्च्या आधी मांडल्या जातात आणि येणाऱ्याची पावलं शेवटी मोजली जातात. कधी कधी मोजलीच जात नाहीत. मग अंधारी आपोआप तयार होते.

मग सार्वजनिक इमारतीचा नमुना कोणता घ्यावा? तोही आमच्याच शहरात आहे. महमूद दरवाज्याजवळ, खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा तिथे दर्गा. त्यांच्या मागे, 1744 च्या सुमारास, तुर्कताजखान या सरदारानं तिथली मुख्य बांधकामं केली. काही मैलांवरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणलं, उंचावरून हौदात सोडलं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवलं. त्या पिठाच्या भाकऱ्या फकिरांना, विद्यार्थ्यांना, वाटसरूंना मिळत. मशीद, मदरसा, सराई, सगळं एका आवारात.

पाणचक्कीत जाऊन तिथली मांडणी बघा. मधोमध मोठा हौद, आणि बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला. हौदाच्या काठी उभं राहिलं की कुठे काय आहे ते दिसतं. पाण्याचा आवाज येतो तिकडे चक्की, सावली दिसते तिकडे वड. आणि त्या हौदाच्या खाली एक दालन आहे. वरच्या हौदाचा तळ म्हणजे या दालनाचं छत. वैशाखात बाहेर रस्ता तापलेला असतो आणि हे दालन गार असतं. चालून चालून थकलेल्या माणसानं आधी बसावं, मग बोलावं, असा विचार ज्यानं केला त्याला मी वास्तुशास्त्रातला कवी म्हणेन. बाबांच्या नावातच ‘मुसाफिर’ आहे. मुसाफिराच्या नावानं चालणाऱ्या जागेत मुसाफिर हरवला असता, तर लाजिरवाणी गोष्ट झाली असती.

अशीच गोष्ट अजिंठ्याच्या आणि वेरुळच्या विहारांची. मधे मोकळा मंडप, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, समोर बुद्ध. मंडपात पाऊल ठेवलं की सगळी इमारत एका नजरेत कळते. वेरुळच्या पाचव्या लेण्यात तर लांबच लांब दोन बुटके दगडी ओटे आहेत. माणसं समोरासमोर, एकाच उंचीवर बसत असणार. उच्चासन तिथे नाही. कातळ खोदणाऱ्यांनी पंगतीतला भेद खोदलाच नाही. पुढच्या काळात लोकांनी त्याच लेण्याला ‘महारवाडा’ म्हणायला सुरुवात केली, हा आपला इतिहास.

इथे थांबून एक कबुली द्यायला हवी. नाही तर जुनं ते सगळं सोनं असा तुमचा समज होईल. जुन्या इमारती परक्याला वाट दाखवत होत्या, पण आपल्यातल्याच काहींना दाराबाहेर ठेवत होत्या. त्या भिंतींना सगळ्यांची ओळख नव्हती. बीबी का मकबऱ्यात शिरलं की कारंज्यांची सरळ वाट थेट घुमटाकडे नेते, चुकायची सोयच नाही. पण शेवटी उंच ओटा येतो आणि पायऱ्या येतात. ज्याचे पाय चालत नाहीत त्याची वाट तिथे संपते.

आणि पायऱ्यांचं सांगायचं तर पंढरपूरचं सांगावं लागेल. विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवाची पायरी आहे. तिच्यासमोर, रस्त्याकडच्या बाजूला, चोखोबांची समाधी. चोखोबा मंगळवेढ्याला तटाचं काम करताना भिंत कोसळून गेले, 1338 साली, असं परंपरा सांगते. त्यांची हाडं नामदेवांनी पंढरीला आणली. ज्यानं भिंत बांधता बांधता जीव दिला, त्याला दुसऱ्या भिंतीच्या आत जागा मिळाली नाही. पुढची सहाशे वर्षं ती जागा हीच एक पाटी होती. तिच्यावरही अक्षरं नव्हती, पण ती वाचायला कुणाला शाळेत जावं लागलं नाही. कुणी कुठवर यायचं, हे इमारत न बोलता सांगत होती. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं.

दुसऱ्याच्या घरातलं सांगितलं, आता माझ्या घरातलं सांगतो. मदिनेत पैगंबरांच्या मशिदीला एक दरवाजा आहे, बाब-उन-निसा, म्हणजे स्त्रियांचा दरवाजा. नावातच निमंत्रण आहे. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी मशिदींत बायकांसाठी ना दार, ना वजूची जागा. 2019 मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्यानं यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानंही 2020 मध्ये न्यायालयाला सांगितलं, की स्त्रियांना मशिदीत यायला धर्माची मनाई नाही. मनाई नाही हे ठीक. पण दारच ठेवलं नाही तर मनाई वेगळी करायची गरज काय? अम्मीनं आयुष्यभर जुम्म्याची अजान ऐकली, मशीद मात्र बाहेरूनच बघितली. हे मी कवितेत लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, म्हणून आज बोलतो आहे.

दार मुद्दाम उघडून बांधलेली इमारतही आमच्या शहरानं पाहिली आहे. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथे महाविद्यालय सुरू केलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय, आणि तो परिसर नागसेनवन. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात कॉलेज म्हणजे खेड्यातल्या पोरांसाठी दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट होती. गावात ज्यांच्या बापाला वाड्याच्या ओट्यावर चढता येत नव्हतं, ती मुलं इथल्या पायऱ्या चढून वर्गात पहिल्या बाकावर बसली. राहायला वसतिगृहं आवारातच, म्हणजे शहरात खोली शोधताना जात विचारली जाण्याचा प्रश्न नाही. वर्ग कुठे आणि वसतिगृह कुठे, याचा नकाशासुद्धा समतेचं काम करू शकतो, हे मला तिथे कळलं. मिलिंदमध्ये शिकलेले कितीतरी कवी माझे मित्र झाले. त्यांच्याकडून मी मराठी शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

आता दुसरी घरची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, लहानपणी पोलिओ झाला. तिचे दोन्ही पाय अधू. माझ्या कवितांची पहिली श्रोता तीच. ‘ये लफ्ज जमता नहीं’ असं ती म्हणाली की मी शब्द बदलायचो. माझ्या पहिल्या संग्रहाचं प्रकाशन एका सार्वजनिक सभागृहात ठरलं. आपा नवी साडी नेसून रिक्षातून आली. सभागृहाला अठरा पायऱ्या. आम्ही दोघा-तिघांनी तिला उचलून नेतो म्हटलं. तिनं मान हलवली. चाळिशीच्या बाईला चार पुरुषांनी गावादेखत उचलायचं, हे तिला नको होतं. म्हणाली, ‘नक्को. तू जा अंदर, मेरेकू इधरसेच सुनाई देता.’

ती खाली रिक्षात बसली. मी वर जाऊन माणुसकीच्या कविता वाचल्या. टाळ्या पडल्या. बाहेरच्या कर्ण्यातून तिला ऐकू आलं असेल, मी विचारलं नाही. अम्मी आत शिरून हरवली होती. आपा बाहेरच राहिली. या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत, हे समजायला मला उशीर झाला. कुणाला वाट सापडत नाही आणि कुणाला वाटच ठेवलेली नसते. दोघींनाही इमारतीनं एकच निरोप दिला, की आम्ही तुला धरलं नव्हतं.

आपल्या देशात 2011 च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. 1995 मध्ये त्यांच्यासाठी पहिला कायदा झाला, 2016 मध्ये त्याहून भक्कम दुसरा. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करा, असं नवा कायदा सांगतो. नियम आले 2017 मध्ये. ती मुदत 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम इमारतींचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. आणि सरकारला त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

लोकांना वाटतं, रॅम्प म्हणजे काय, दोन पोती सिमेंट टाकलं की झालं. मी एका गवंडी मित्राकडून हिशेब समजून घेतला. चाकाची खुर्ची माणसाला स्वतः चढवता यावी, तर एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपाच्या सभागृहाच्या अठरा पायऱ्या, एकेक सहा इंचांची धरली तर नऊ फूट उंची. म्हणजे एकशे आठ फुटांचा उतार हवा, शिवाय मधे मधे थांबायला सपाट जागा. तेवढी जागा नंतर कुठून आणणार? म्हणून ही गोष्ट पाया खणतानाच ठरवावी लागते. ओटा नऊ फूट उंच कशाला हवा, हा प्रश्न नकाशाच्या कागदावर कुणी विचारला असता, तर आपा आत आली असती. ज्या इमारतीला मागाहून खडा उतार चिकटवतात, तो नुसता फोटोपुरता असतो. त्यावरून खुर्ची चढत नाही, घसरते.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. 1951-52 मध्ये स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा शंभरातल्या अठरा जणांनाच वाचता येत होतं. बाकीच्यांनी काय करायचं? निवडणूक आयोगानं उमेदवारांना चिन्हं दिली. प्रत्येकाची पेटी वेगळी, तिच्यावर चित्र. बैलजोडी दिसली, झोपडी दिसली, की माणूस आपली पेटी ओळखायचा. जगात कुठेही एवढ्या निरक्षर माणसांना एवढा मोठा निर्णय देण्याचं धाडस झालं नव्हतं. ते एका चित्रानं निभावलं. पुढे 1969 मध्ये मेक्सिको शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा त्यांनी प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिलं. एका स्थानकाला नाकतोडा, दुसऱ्याला आणखी काही. वाचता न येणारा माणूस नाकतोड्यापाशी उतरतो. आपली रुग्णालयं, कचेऱ्या, वाचनालयं यांत असं एक चित्र लावायला काय हरकत आहे? काही रुग्णालयांत जमिनीवर रंगीत पट्टे काढतात. लाल पट्ट्यावरून चालत राहा, रक्त तपासणी येईल. अम्मीला लाल रंग कळत होता.

ज्यांना रंगही दिसत नाही त्यांचं काय? 1965 मध्ये जपानच्या सेइची मियाके यांनी उंचवट्यांच्या फरश्या तयार केल्या. दोन वर्षांनी ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळ, त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. पावलांना वाट कळावी म्हणून. आज आपल्या रेल्वे फलाटांवर दिसणाऱ्या पिवळ्या फरश्या त्यांचीच लेकरं. त्यांच्यावर आपण चहाची गाडी उभी करतो, कारण ती रंगीत नक्षी आहे अशी आपली समजूत असते.

मतदानाच्या दिवसाची आठवण काढा. आपापल्या भागातल्या शाळेत केंद्र असतं. त्या दिवशी खोली तळमजल्यावरची, दाराशी लाकडी उतार, बाहेर बाणांच्या पाट्या, पिण्याचं पाणी, म्हाताऱ्यांना वेगळी रांग. आपा दर वेळी तिथे खुर्चीवरून थेट यंत्रापर्यंत जायची आणि बाहेर येऊन बोटाची शाई दाखवायची. दुसऱ्या दिवशी तो उतार उचलून ट्रकमध्ये टाकला जातो. सोमवारी त्या शाळेत कुबड्या घेऊन येणारी मुलगी पुन्हा पायऱ्यांपाशी उभी. मतासाठी उतार मिळतो, शिकण्यासाठी मिळत नाही. पाच वर्षांतून एक दिवस जी शाळा सगळ्यांची होऊ शकते, ती रोज का होऊ शकत नाही, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. नवी सार्वजनिक इमारत बांधताना नकाशा मंजूर करण्याआधी चार माणसांना तो जमिनीवर चुन्यानं आखून दाखवावा. एक निरक्षर बाई, एक चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, एक दृष्टिहीन आणि एक बाहेरगावचा परका. त्यांनी दारापासून खिडकीपर्यंत जाऊन दाखवावं. जिथे ते थांबतील तिथे इमारत चुकली. अभियंत्यांना राग येईल, पण बाबा शाह मुसाफिरांच्या आवारात हे अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं. आज का सुचू नये?

अम्मी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी तिला अंधुक दिसायचं. एकदा रिक्षातून येताना मी विचारलं, ‘अम्मी, किधर आए अपन?’ रिक्षा दरवाज्याच्या कमानीखाली शिरली होती. आवाज घुमला, क्षणभर सावली पडून गार वाटलं. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, ‘मकई गेट. अब घर आया.’

बरोबर होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)